वाख्तांग, आणि मी न घेतलेलं नाव

बेकरीचं दार अजून तसंच जड आहे. खांद्याने ढकलावं लागतं. आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि काही दिसायच्या आधी वास येतो: तापलेल्या मातीच्या भट्टीचा, किंचित करपलेल्या पिठाचा, आणि मागे कुठेतरी अक्रोड कुटल्याचा. चार वर्षांनी गेले मी. गाडी चालवणं सोडल्यापासून नेपरव्हिल माझ्यासाठी फार मोठं झालं आहे. पूर्वी दहा मिनिटांवर असलेल्या जागा आता कुणी येईल तेव्हाच जवळ येतात. या ऑक्टोबरात तुमचा बाबा चँडलरहून आठवडाभर आला, छपराच्या पन्हळीतली पानं काढली, गॅरेजमधला दिवा बदलला आणि शनिवारी म्हणाला, "आई, कुठे जायचंय का?" मी म्हटलं, पाव आणायला.

इरा, कबीर, त्या शनिवारी काय झालं ते तुम्हाला लिहायचं आहे. पण एकदम सांगितलं तर त्यात काही विशेष वाटणार नाही, म्हणून आधीचं सांगते.

इरा, उन्हाळ्यात तू व्हिडिओवर विचारलंस, "आजी, व्हॉट्स डॅड्स रिअल नेम? लाइक, हाउ डू यू से इट?" मी म्हटलं, त्याच्या पासपोर्टवर आहे बघ. तू म्हणालीस, "नो, यू से इट." मी म्हटलं, आवाज तुटतोय गं, आणि फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता.

तुम्हा दोघांना नेहमी वाटत आलं की आजी मॉडर्न आहे. बाकीच्या आज्या मुलांना लांबलचक नावांनी हाका मारतात आणि आपली आजी सरळ टिम म्हणते. मीही तो गैरसमज दूर केला नाही. खरी गोष्ट अगदी उलटी आहे. तुमच्या बाबाला माझ्या सासऱ्यांचं नाव ठेवलं आहे. ते वारले त्याच वर्षी तो जन्मला. आणि आमच्याकडे सून सासऱ्यांचं नाव घेत नसे. बाळाला ते नाव ठेवलं, तर घरातल्या सुना बाळाला दुसरंच काहीतरी म्हणत: भाऊ, बापू, नाना. माझ्या आईने माझ्या धाकट्या भावाला जन्मभर "अप्पा" म्हटलं. शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी हजेरी घेतली, तेव्हा त्याला स्वतःचं नाव ओळखता आलं नाही.

मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले. देश सोडला, गाडी शिकले, पँट घालून बर्फ उपसला. सासूबाई इथून आठ हजार मैलांवर, मला अडवणारं कुणी नव्हतं. पण त्या नावाजवळ आली की जीभ थांबायची. लहानपणी मी त्याला सोन्या म्हणायची, मग नुसतं "अरे" आणि "ऐक ना". चौथीत शाळेतल्या मुलांनी त्याचा टिम केला. सगळ्या आया अशा वेळी चिडतात. मला हायसं वाटलं.

तुमचे आजोबा मात्र ते नाव पूर्ण घेत. जिन्याखाली उभे राहून, वर दोन मजले ऐकू जाईल असं. ते जाऊन आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून ते नाव कुणाच्याही तोंडी नाही. बाबाच्या लायसन्सवर आहे, कराच्या कागदांवर आहे, पण त्या नावाने त्याला बोलावणारं माणूस उरलं नाही. मी ते घेतलं नाही, तर ते असंच संपणार. हे मला कळत होतं, आणि तरी जमत नव्हतं.

आता वाख्तांग.

मी इस्पितळात काय करत होते हे तुम्हाला नीट माहीत नाही. कबीर एकदा मित्राला सांगत होता की आजी डॉक्टर होती. मी जन्मनोंदणीची कारकून होते. सकाळी ढकलगाडीवर फॉर्म घेऊन बाळंतिणींच्या मजल्यावर जायचं. खोल्यांमधून साबणाचा, दुधाचा आणि कोमेजलेल्या फुलांचा वास यायचा. आईवडिलांकडून माहिती भरून घ्यायची, खाली येऊन टाइप करायची, त्यांना दाखवायची, सही घ्यायची, कौंटीकडे पाठवायची. मुदत थोड्या दिवसांची असे. माझा एक नियम होता, तो कुठल्याही पुस्तकात नव्हता: सही करण्याआधी मी बाळाचं नाव मोठ्याने वाचायला लावायची. आधी त्यांनी, मग मी. डोळ्यांना न दिसलेली चूक कानाला सापडते. बावीस वर्षं मी लोकांच्या मुलांची नावं अशी खणखणीत वाचली.

या नोकरीची ओढ मला स्वतःच्या बाळंतपणातच लागली असावी. तुमचा बाबा झाला तेव्हा इस्पितळातली बाई फॉर्म घेऊन आली आणि मी म्हटलं, नाव अजून आलेलं नाही. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. आत्या सांगलीला. बाराव्या दिवशी तिकडे पाटावर रिकामी परडी ठेवून बारसं झालं, आणि निळ्या आंतरदेशीय कागदासारख्या पातळ एअरोग्रॅमवर नाव आलं. तोपर्यंत सगळीकडे "बेबी बॉय" लिहिलेलं. त्या बाईने तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा विचारलं, "मॅडम, कोण यायचं राहिलंय?" मी म्हटलं, पोस्टमन.

एका डिसेंबरात तिसऱ्या मजल्यावर निनो नावाची मुलगी होती. पंचविशीची, जॉर्जियाची, अटलांटाचं जॉर्जिया नव्हे, काळ्या समुद्राजवळचा देश. नवरा लेवान ट्रक चालवायचा आणि तेव्हा माल घेऊन कुठेतरी ऍरिझोनात होता. फॉर्मवर सगळं भरलेलं, नावाची जागा कोरी. निनो म्हणाली, "माझ्या सासऱ्यांचं नाव द्यायचं आहे. वाख्तांग."

मी आवाज खाली आणला. "फार वाईट झालं. केव्हा वारले?"

"कोण?"

"तुमचे सासरे."

निनोने माझ्या मागे बोट दाखवलं. दारात एक आडव्या बांध्याचा, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता. बगलेत कागदात गुंडाळलेले दोन लांब पाव, टोकं होडीसारखी वर आलेली.

"मी वारलो नाही," तो म्हणाला. "मी गाडी लावत होतो."

माझे कान तापले. गेलेल्याचंच नाव ठेवायचं हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं, की जिवंत माणसाच्या तोंडावर मी त्याचा शोक केला होता. त्याला मात्र मजा वाटली. त्यांच्या घरात जिवंत आजोबांचंच नाव नातवाला देत. त्यांचे आजोबा वाख्तांग, वडील लेवान, ते स्वतः वाख्तांग, मुलगा लेवान. "मेल्यावर ठेवलं तर मला काय ऐकू येणार?" असं म्हणून त्यांनी एक पाव माझ्या ढकलगाडीवर ठेवला. दुपारपर्यंत माझे सगळे फॉर्म पावाच्या वासाचे झाले.

निनो घरी गेली तरी जागा कोरीच. वाख्तांग रोज यायचे. बेकरी तेव्हा नवी होती, इस्पितळापासून दोन सिग्नल. भट्टीची पहिली खेप संपली की टोपीवर पीठ तसंच घेऊन माझ्या टेबलासमोर बसायचे, बाहेर बर्फ पडत असायचा, आणि ते त्या नावाची माणसं मोजून दाखवायचे. सगळ्यात आधी एक राजा, दीड हजार वर्षांपूर्वीचा, शिरस्त्राणावर लांडग्याचं मुंडकं कोरलेला. तो शिकारीला गेला, त्याच्या ससाण्याने रानकोंबडा धरला आणि दोन्ही पक्षी पडले ते उकळत्या झऱ्यात. राजाने हात घालून पाहिलं, पाणी गरम. म्हणाला, इथेच शहर वसवा. ती त्यांची राजधानी. त्या शहराच्या नावातच ऊब आहे, म्हणायचे. मग कित्येक शतकांनी त्याच नावाचा दुसरा राजा. त्याने कायदे लिहवले, छापखाना काढला, आणि परक्या मुलखात वारला. "माझ्यासारखा," असं म्हणून ते हसायचे. मग त्यांच्या गावातले वाख्तांग: उंच वाख्तांग, द्राक्षमळ्याचा वाख्तांग, आणि ज्याच्या गाढवालाही लोक वाख्तांग म्हणत तो.

मी वाचनालयात जाऊन पाहिलं. नाव मुळात जॉर्जियन नाही. जाणकारांच्या मते ते जुन्या इराणी भाषेतून आलं आणि त्याचा अर्थ लांडग्यासारख्या देहाचा. वाचताना मला शाळेतलं संस्कृत आठवलं. वृक म्हणजे लांडगा, तनु म्हणजे देह. आपला भीम वृकोदर, तसा हा. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं की तुमच्या नावाचे नातेवाईक माझ्या गावी आहेत. ते खूश झाले. "आणि तुमच्या मुलाच्या नावाचा अर्थ काय?"

"तीन डोळ्यांचा."

"बापरे! एक लांडगा, एक तीन डोळ्यांचा. दोघं एका वर्गात असते तर मास्तरीण पळाली असती."

नाव काय ते त्यांनी विचारलं नाही, म्हणून सांगायची वेळ आली नाही.

मुदत संपायला पाच दिवस होते तेव्हा निनो बाळाला घेऊन आली. सासरे बरोबर होते. ती पेन हातात घेऊन नुसती बसली. आणि मी शहाणपणा केला. मला वाटलं, मला हिचं दुखणं कळलं. मी म्हटलं, "सासऱ्यांचं नाव तोंडाने घ्यायला जड वाटत असेल तर कागदावर हे लिही आणि घरी दुसरं काहीतरी म्हण. मी तेच केलं. माझ्या मुलाचं नाव मी आजवर घेतलेलं नाही. काही अडलं नाही."

निनो खो खो हसली. "मी? यांना दिवसभर नावानेच ओरडते मी! वाख्तांग, पाव करपला! वाख्तांग, टोपी घाला! मला भीती शाळेची आहे. मुलं त्याला टँक म्हणतील."

पण वाख्तांग हसत नव्हते. "आजवर नाही? एकदाही?"

"नाही."

"मुलगा जिवंत आहे?"

"म्हणजे काय! फिनिक्सजवळ असतो. इंजिनियर आहे."

"मग बोलावता कसं?"

"टिम."

ते खुर्चीतून उठले. मग टोपी घातली. "निनो, राहू दे. व्हिक्टर लिही. मला वाटत होतं, कागदावर आलं की झालं. पण नाव हाका मारायला असतं. माझी आई गच्चीतून ओरडायची तर नदीपलीकडचे कुत्रे उठायचे." आणि ते गेले. निनो फॉर्म तसाच ठेवून त्यांच्या मागे धावली.

मी रोज संध्याकाळी टेबलाचा खण रिकामा करून घरी जात असे. त्या आठवड्यात एक कागद खणातच राहिला. पाव येईनासा झाला. मी चांगल्या मनाने बोलले होते, आणि एका म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहून स्वतःचं नाव परत घेतलं होतं. घरी मी तुमच्या आजोबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्याचं काय चुकलं?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांचं असंच होतं.

शेवटच्या दिवशी निनो आली. बुटांना बर्फ, नाक लाल, बाळ दुलईत. नावाच्या जागेत मोठ्या अक्षरांत लिहिलं: वाख्तांग. मधल्या दिवसांत त्यांच्या घरी काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मी त्याला तसं म्हणून पाहिलं. त्याने मान वळवली." दहाएक दिवसांचं बाळ कुठल्याही आवाजाकडे वळतं. मी बोलले नाही. एकदा शहाणपणा करून झाला होता.

मी टाइप केलं. नियमाप्रमाणे आधी तिने वाचलं. मी वाचणार तेवढ्यात दारात टोपी दिसली. वाख्तांग आत आले नाहीत, चौकटीला टेकून उभे राहिले. मी वाचलं.

"पुन्हा," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता तुमचं."

मी म्हटलं, मला दुसऱ्या फॉर्मचं काम आहे. त्यांनी मान हलवली आणि निनोच्या हातातून बाळ घेतलं.

पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. आम्ही बेकरीची गिऱ्हाइकं झालो. दर शनिवारी, तुमचे आजोबा होते तोवर दोघं, मग मी एकटी. भट्टी म्हणजे जमिनीत पुरलेला मोठा रांजणच. वाख्तांग कमरेपर्यंत आत वाकून कणकेची लांब पट्टी भिंतीला चापटायचे आणि बाहेर यायचे ते लालबुंद होऊन. हिवाळ्यात खिडकीत अक्रोडांच्या माळा टांगलेल्या, द्राक्षरसात बुडवून वाळवलेल्या. लांबून मेणबत्त्या वाटायच्या. वसंतात कोथिंबिरीच्या जुड्या, आणि बडीशेपेसारख्या वासाचा एक पाला, त्यांच्याकडे तो सगळ्यात घालतात. आणि या सगळ्यातून निनोची हाक. "वाख्तांग!" म्हटलं की पिठाच्या पोत्यामागून नातू आणि भट्टीतून आजोबा, दोघंही "काय?" म्हणायचे. त्यांच्यात आणखी एक गंमत आहे: मोठी माणसं मुलांना स्वतःच्याच नात्याने बोलावतात. आई मुलाला "आई" म्हणते, आजोबा नातवाला "आजोबा". तो एवढासा मुलगा गाल पिठाने माखून फिरायचा आणि मिशीवाला म्हातारा त्याला विनवायचा, "आजोबा, दार लावा हो."

माझी ऑर्डर घेताना मात्र वाख्तांग पेन्सिल उचलून, मला ओळखत नसल्यासारखं विचारायचे, "नाव?" इथे सगळीकडेच ऑर्डरला नाव विचारतात. मी म्हणायची, "टिम." ते पिशवीवर लिहायचे, भाजीत मीठ कमी पडल्यावर करतात तसा चेहरा करून. कित्येक वर्षं, दर शनिवारी. त्यात टोमणा होता, पण रागाचा नव्हता. माझी वाट पाहत असावेत.

गेल्या हिवाळ्याच्या आदल्या हिवाळ्यात ते गेले. निनोचा फोन आला. मला नेणारं कुणी नव्हतं, बर्फ होता. मी घरात बसून चहा केला आणि प्यायले नाही.

तर हा शनिवार. वाफ ओसरल्यावर मी पाहिलं: भट्टी तीच, तिच्या काठावर नवा चिरा. रांग दारापर्यंत. तुमचा बाबा म्हणाला, "मॉम, मला हा कॉल घ्यावा लागेल, दोन मिनिटं," आणि फोन कानाला लावून खिडकीशी जाऊन उभा राहिला. कोपरापर्यंत बाह्या सरसावलेल्या, मानेवर केस पांढरे झालेले. तुमचे आजोबाही तसेच एका पायावर भार टाकून उभे राहायचे. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं, किंवा पाहून सोडून दिलं होतं.

काउंटरवर सतरा-अठरा वर्षांचा उंच मुलगा. छातीवरच्या पट्टीवर पूर्ण नाव, एक अक्षरही न कापता. मी ते टाइप केलं होतं हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी चार पाव आणि एक अक्रोडाची माळ सांगितली. त्याने पेन उचललं.

"नेम फॉर द ऑर्डर?"

टिम हा शब्द माझ्या ओठांवर तयार होता. सवयीचा होता. मी तो गिळला आणि दुसरा काढला, तर आवाजच फुटला नाही. मागे कणीक मळायचं यंत्र धडधडत होतं. मुलगा पुढे वाकला. "सॉरी, मॅम? लाउडर?"

मी घसा साफ केला. पर्स काउंटरवर ठेवली. आणि बावीस वर्षं लोकांच्या मुलांची नावं वाचली, तशा आवाजात वाचलं.

"त्र्यंबक!"

"ओ!" खिडकीतून उत्तर आलं.

फोन कानाला तसाच होता. तुमचा बाबा आधी दाराकडे वळला, मग भट्टीकडे. हाक मारणारा कुणी पुरुष शोधत असावा. रांगेतली माणसंही इकडेतिकडे बघू लागली. शेवटी त्याची नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. फोनमधून कुणीतरी "हॅलो, टिम? हॅलो?" म्हणत होतं, ते मला एवढ्या लांबून ऐकू आलं. त्याने फोन खाली घेतला.

"आई? तू हाक मारलीस?"

"नाही रे," मी म्हटलं. "याला नाव सांगत होते."